डिझेल वेल्डिंग मशीन कामाच्या जागी सुरक्षितपणे उभे करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत जेथे तीन फेज वीज हाताशी नसते, तेथे डिझेल इंजिनवर चालणाऱ्या वेल्डिंग मशीनशिवाय काम पुढे जात नाही. कृष्णेच्या किंवा वारणेच्या काठावरील जॅकवेलपासून (नदीचे पाणी उचलण्यासाठी बांधलेल्या विहिरीपासून) शेतापर्यंतची लोखंडी पाईपलाईन, उसाच्या फडात बंद पडलेले तोडणी यंत्र, चाळकेवाडीच्या पठारावरील दुरुस्त्या ही सगळी कामे याच मशीनवर होतात. वेल्डिंग कसे करावे हे शिकवणारे पुष्कळ आहेत. मशीन कोठे आणि कसे उभे करावे, हे मात्र घाईत ठरवले जाते. येथील बहुतेक प्रश्न पहिला रॉड पेटण्यापूर्वीच्या त्या वेळेविषयी आहेत.

साध्या वेल्डिंग मशीनपेक्षा या मशीनला वेगळी काळजी का लागते?

कारखान्यातील मशीनला बाहेरून वीज मिळते, त्यामुळे तेथे प्रामुख्याने विजेचा आणि ठिणगीचा धोका सांभाळावा लागतो. डिझेल मशीनमध्ये एकाच चौकटीवर तापलेले इंजिन, डिझेलची टाकी, बॅटरी, वेल्डिंगचा जनरेटर आणि बहुधा ग्राइंडर चालवण्यासाठी २३० किंवा ४१५ व्होल्टचा वेगळा पुरवठा असतो. यांपैकी प्रत्येकाचा धोका निराळा आहे आणि मशीन चुकीच्या जागी उभे असेल, तर हे धोके एकमेकांना बळ देतात. उतारावर कललेल्या टाकीतून सांडलेले डिझेल तापलेल्या सायलेन्सरवर पडले, की आग लागण्यासाठी दुसरे काही लागत नाही. म्हणूनच जागा ठरवण्याचा निर्णय गाडी चालवून आणणाऱ्यावर सोडू नये, तो जबाबदार वेल्डरने किंवा मुकादमाने स्वतः घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो.

मशीन उभे करण्यासाठी जागा कशी निवडावी?

जमीन सपाट आणि टणक हवी. नदीकाठची काळी जमीन वरून सुकलेली दिसली तरी आतून ओली असते आणि इंजिनच्या कंपनाने मशीनचे एक चाक हळूहळू खचत जाते; तेथे चाकांखाली जाड फळ्या किंवा लोखंडी प्लेटा टाकाव्यात. इंजिन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कलले, तर ऑइल पंपाला ऑइल मिळत नाही आणि बेअरिंग निकामी होते, त्यामुळे सपाटीचा प्रश्न सुरक्षिततेइतकाच खर्चाचाही आहे. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि ट्रॉलीचा पुढचा टेकू पक्का उभा आहे याची खात्री करावी. ट्रॅक्टरला जोडलेले आहे म्हणून मशीन हलणार नाही, असे गृहीत धरू नये.

जमीन पाहून झाल्यावर मान वर करून तारा पाहाव्यात. शेतातून जाणाऱ्या ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारांखाली मशीन लावू नये आणि मशीन उतरवणाऱ्या क्रेनचा दांडाही त्या बाजूला फिरू देऊ नये. आपल्याकडे लोखंडी पाईप साधारण सहा मीटर लांबीचे येतात. असा पाईप विहिरीतून वर काढताना किंवा सरळ उभा करताना तो तारेपर्यंत पोहोचू शकतो. तार जवळ असेल, तर महावितरणकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. सायलेन्सरचा धूर माणसांकडे, विहिरीकडे, गोठ्याकडे किंवा घराच्या खिडकीकडे जाणार नाही अशा रीतीने मशीनचे तोंड ठरवावे. वारा दुपारनंतर बदलतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर ही बाब पुन्हा पाहावी. मशीनभोवती किती जागा मोकळी हवी हे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुस्तिका हाताशी नसेल, तर चारही बाजूंना किमान दीड मीटर मोकळे ठेवावे. रेडिएटरच्या गरम हवेला बाहेर पडायला वाट नसेल, तर तीच हवा पुन्हा आत ओढली जाते आणि इंजिन तापते.

पाऊस असल्यास मशीन शेडमध्ये किंवा गोठ्यात ठेवून चालवता येईल का?

नाही. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डिझेल इंजिनमधून तो पेट्रोल इंजिनपेक्षा कमी निघतो हे खरे असले, तरी बंद जागेत जीव जाण्यास तेवढा पुरतो. डोके जड होणे, मळमळणे, पायांतील बळ जाणे ही त्याची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखी वाटतात आणि त्यामुळे दुर्लक्षिली जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात केला आहे, हेही लक्षात ठेवावे. दार उघडे ठेवले किंवा पंखा लावला म्हणजे जागा मोकळी होत नाही. पावसापासून बचाव हवाच असेल, तर चारही बाजूंनी उघडा, पत्र्याचा उंच मांडव करावा. सायलेन्सरपासून दूर असला तरी ताडपत्रीचा आडोसा मशीनला लागून बांधू नये.

विहिरीत किंवा जॅकवेलमध्ये पाईपला वेल्डिंग करायचे असल्यास मशीन कोठे ठेवावे?

या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देतो, कारण आपल्या भागात असे काम दर उन्हाळ्यात निघते. मशीन विहिरीत उतरवायचे नाही, काठावरही ठेवायचे नाही. ते वाऱ्याच्या खालच्या अंगाला, केबल परवडेल तितके दूर ठेवावे आणि सायलेन्सरचे तोंड विहिरीच्या उलट दिशेला असावे. थंड होत गेलेला धूर आणि त्यातील कार्बन डायऑक्साइड खोलगट जागेत साचतात. कठड्याच्या आत वारा पोहोचत नसल्याने ते सहज निघून जात नाहीत. त्यातच वेल्डिंगचा स्वतःचा धूर मिसळतो आणि जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत कुजलेल्या गाळामुळे ऑक्सिजन मुळातच कमी असतो.

जुन्या पद्धतीने कंदील सोडून पाहणारे अजूनही भेटतात. ज्योत विझली तर ऑक्सिजन धोकादायक पातळीइतका कमी आहे एवढे कळते, परंतु ज्योत तेवत राहिली म्हणून जागा सुरक्षित ठरत नाही. कार्बन मोनॉक्साइड असतानाही ज्योत जळत राहते आणि आत ज्वालाग्राही वायू असेल तर कंदीलच भडका उडवतो. वायू मोजणारे मीटर दोरीने खाली सोडून वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरात मोजमाप घ्यावे. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांहून कमी आढळल्यास माणूस उतरवू नये. काम चालू असेपर्यंत ब्लोअरने ताजी हवा तळापर्यंत पोहोचवावी, मात्र ब्लोअर हवा मशीनच्या धुरातून ओढत नाही ना हे तपासावे. वायुवीजनासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही सोडू नये, कारण ऑक्सिजनने भिजलेले कपडे एका ठिणगीने पेटतात.

उतरणाऱ्याने कमरेला नव्हे तर खांद्यांवरून येणारा पूर्ण पट्टा घालावा, त्याची दोरी वर तिकाटण्याला किंवा कप्पीला बांधलेली असावी आणि वर किमान दोन माणसे कायम असावीत. खालचा माणूस बेशुद्ध पडला, तर वरच्याने त्याच्या मागे उडी मारू नये. एकामागोमाग एक उतरलेल्या भावांचे आणि शेजाऱ्यांचे मृत्यू याच घाईतून झाले आहेत. दोरीने वर ओढावे, मशीन बंद करावे, १०८ किंवा ११२ ला फोन करावा. श्वसनाचे उपकरण घातलेल्या माणसानेच खाली जावे.

अर्थिंगचा रॉड ठोकणे आवश्यक आहे का? वेल्डिंगची ‘अर्थ’ जोडलेली असतेच ना?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत जीवघेणी ठरते. कामाला क्लॅम्प लावून आणलेली केबल, जिला आपण सवयीने अर्थ म्हणतो, ती वेल्डिंगचा करंट मशीनकडे परत नेणारी केबल आहे. तिचा जमिनीशी संबंध असायलाच हवा असे नाही. मशीनच्या चौकटीला केलेले अर्थिंग मात्र बिघाड झाल्यावर चौकटीला हात लावणाऱ्या माणसाचे रक्षण करण्यासाठी असते. मशीन रबरी चाकांवर उभे असल्याने ते जमिनीपासून तुटलेले असते, हे विसरू नये.

भारतीय वीज सुरक्षा नियमांनुसार जनरेटरच्या चौकटीला दोन स्वतंत्र आणि वेगळ्या जोडण्यांनी अर्थिंग करावे लागते. कसे करावे याचे मार्गदर्शन आयएस ३०४३ या मानकात आहे. व्यवहारात अडचण मातीची येते. पलूस किंवा वाळव्याच्या ओल्या काळ्या मातीत एक रॉड चांगले काम देतो. माण, खटाव किंवा जतच्या कोरड्या मुरमात तोच रॉड जवळजवळ निरुपयोगी ठरतो. तेथे रॉडच्या लांबीइतके अंतर राखून दोन किंवा तीन रॉड ठोकावेत, ते एकत्र जोडावेत, खड्ड्यात पाणी घालावे आणि अर्थ टेस्टरने मोजून घ्यावे. रंग लागलेल्या चौकटीवर क्लॅम्प लावून समाधान मानू नये. उत्पादकाने दिलेल्या अर्थिंगच्या बोल्टलाच वायर जोडावी.

परतीच्या केबलचा क्लॅम्प कोठे लावावा?

जेथे वेल्डिंग चालू आहे तेथून शक्य तितक्या जवळ, घासून स्वच्छ केलेल्या धातूवर. करंट सर्वांत सोपी वाट शोधतो. क्लॅम्प दूर, गंजलेल्या किंवा रंगवलेल्या भागावर असेल, तर तो दुसरीच वाट धरतो: क्रेनची वायर रोप, साखळी पुली, पाण्याचा पाईप, इमारतीचा सांगाडा किंवा ग्राइंडरच्या केबलमधील बारीक अर्थ वायर. दोनशे अँपिअरचा करंट त्या बारीक वायरमधून गेला, की तिचे आवरण वितळते आणि ग्राइंडर धरणाऱ्याचे संरक्षण नाहीसे होते. वायर रोपमधून गेला, तर तिचे काही तार आतून जळतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि पुढच्या आठवड्यात वजन उचलताना ती तुटते.

साखर कारखान्यांत हंगाम संपल्यावर मिलच्या रोलरवर काम करताना क्लॅम्प रोलरच्या एका बाजूला आणि वेल्डिंग दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी झाली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर किंवा पृष्ठभागावर ठिणग्यांचे डाग पडतात. बेअरिंग नंतर गाळपाच्या ऐन वेळी बसते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. फिरणारा भाग असेल, तर क्लॅम्प त्याच भागावर हवा. लोखंडी सळई, अँगलचे तुकडे किंवा रेल जोडत जोडत परतीची वाट तयार करण्याची सवय पूर्णपणे सोडावी.

एकाच पाईपवर दोन मशीनने काम चालू असेल, तर आणखी सावध राहावे. दोन्ही मशीनची पोलॅरिटी (होल्डर प्लसला की मायनसला जोडला आहे ती बाजू) एकमेकांच्या उलट असल्यास दोन होल्डरांमधील व्होल्टेज एकमेकांत मिळते. प्रत्येक होल्डरवर ऐंशी व्होल्ट असतील, तर ऐंशी आणि ऐंशी मिळून एकशे साठ व्होल्ट होतात. एका वेल्डरने दोन्ही होल्डरांना एकाच वेळी स्पर्श करू नये आणि दोन्ही मशीनची पोलॅरिटी आधी जुळवून घ्यावी.

केबल किती जाडीची घ्यावी?

लांबी आणि करंट दोन्ही पाहावे लागतात, आणि लांबी मोजताना जाणारी व येणारी अशा दोन्ही केबलची बेरीज धरावी. मशीन विहिरीपासून ५० मीटर दूर ठेवले तर एकूण तांबे १०० मीटर झाले. ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा इतक्या लांबीवर रोध सुमारे ०.०५ ओहम येतो, म्हणजे २०० अँपिअरला १० व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात. त्या करंटला रॉडच्या आर्कला साधारण २८ व्होल्ट लागतात, हे पाहिले की तोटा किती मोठा आहे ते कळते. ७० चौरस मिलिमीटरची केबल घेतल्यास तोच तोटा ५ व्होल्टवर येतो. ॲल्युमिनियमची केबल असल्यास आणखी जाड घ्यावी लागते.

बारीक केबलमुळे आर्क मंद पडतो, वेल्डर करंट वाढवतो, केबल तापते, आवरण मऊ होते आणि एखाद्या दगडाच्या कडेला ते फाटते. धोका या क्रमाने येतो. उरलेली केबल वेटोळे करून ठेवू नये, ती मोकळी पसरावी. सैल लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) हे मशीनच्या टर्मिनलवरील आगीचे नेहमीचे कारण आहे. सकाळी हाताने नव्हे तर पान्याने घट्ट करावे. केबल वाटेवरून न्यावी लागली, तर ट्रॅक्टरचे चाक तिच्यावरून जाऊ नये म्हणून ती उंचावरून न्यावी किंवा दोन फळ्यांमध्ये ठेवावी.

मशीनच्या पाटीवरील ड्यूटी सायकलही वाचावी. २५० अँपिअरला ६० टक्के असे लिहिले असेल, तर दहा मिनिटांत सहा मिनिटे आर्क आणि चार मिनिटे विश्रांती असा त्याचा अर्थ होतो.

ऊसतोडणी यंत्र, ट्रॅक्टर किंवा जेसीबीवर वेल्डिंग करण्यापूर्वी काय करावे?

त्या वाहनाचे इंजिन बंद करून बॅटरीची केबल काढावी. प्रथम निगेटिव्ह काढावी आणि काम झाल्यावर तीच शेवटी जोडावी. आधुनिक तोडणी यंत्रांत आणि ट्रॅक्टरांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतात. वाहन उत्पादकाने सांगितले असेल तेथे त्यांचे कनेक्टरही सोडावेत, कारण भरकटलेला करंट त्यांना क्षणात निकामी करतो. हायड्रॉलिक पाईपमधून ऑइल झिरपत असेल, तर तो भाग पुसून, झाकून, दाब सोडूनच काम सुरू करावे. दाबाखालील ऑइलचा बारीक फवारा आर्कवर आला, तर तो आगीचा लोळ होतो. वर उचललेला भाग केवळ हायड्रॉलिकवर टांगून त्याच्याखाली बसू नये, खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत.

उसाच्या फडात ठिणगीने आग लागू नये यासाठी काय करावे?

जानेवारीपासून पुढे पाचट इतके वाळते की एका ठिणगीने फड पेटतो आणि शेजारच्या चार शेतकऱ्यांचे वर्षाचे पीक जाते. शक्य असेल, तर बिघडलेले यंत्र ओढून बांधावर किंवा नांगरलेल्या रानात आणावे. निम्मा धोका तेथेच संपतो. ते शक्य नसेल, तर वेल्डिंगच्या जागेपासून सर्व बाजूंना सुमारे ११ मीटरपर्यंतचे पाचट ओढून माती उघडी करावी आणि ओली करावी. हे अंतर उगाच धरलेले नाही. उष्ण कामाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत ३५ फुटांचे हेच अंतर वापरले जाते. वारा असेल तर त्याहून जास्त साफ करावे. तोडणी यंत्राच्या पोटात अडकलेले पाचटही काढावे, कारण आग बहुधा तेथूनच सुरू होते.

द्राक्षबागायतदाराकडील ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर किंवा टाकी पाण्याने भरून शेजारी उभी ठेवता येते, आणि तासगाव-मिरज पट्ट्यात ती सहज मिळतेही. पण पाणी फक्त पाचटासाठी आहे. डिझेल पेटल्यास किंवा मशीनला आग लागल्यास कोरड्या पावडरचे एबीसी सिलिंडरच वापरावे, आणि ते मशीनवर न टांगता काही पावले दूर ठेवावे, म्हणजे मशीन पेटल्यावर हाताला लागेल. सायलेन्सरवर ठिणगी अडवणारी जाळी बसवलेली असावी. वेल्डिंग थांबल्यानंतर एका माणसाने किमान एक तास तेथे राहून धुमसणारे काही उरले नाही ना, हे पाहावे. हेल्परला लगेच दुसऱ्या कामाला पाठवण्याचा मोह मुकादमाने आवरावा.

याच मशीनवर ग्राइंडर, दिवे किंवा घरातील वीज चालवता येते का?

ग्राइंडर आणि दिवे चालतात, घराची वीज मात्र जोडू नये. महावितरणच्या जोडणीत जनरेटरची वीज उलट शिरली, तर ट्रान्सफॉर्मरमधून ती उच्चदाब होऊन लाईनवर जाते आणि लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन त्यात सापडतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने बसवलेल्या चेंजओव्हर स्विचशिवाय अशी जोडणी कोणीही करू नये.

ग्राइंडरच्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावा. येथे एक बारकावा आहे. काही जनरेटरांत न्यूट्रल चौकटीशी जोडलेला नसतो. अशा वेळी पहिल्या बिघाडाला करंट परत जाण्याची वाट मिळत नाही आणि आरसीसीबी बसवूनही तो ट्रिप होत नाही. केवळ त्याचे चाचणीचे बटण दाबून खात्री होत नाही, म्हणून न्यूट्रलची जोडणी जाणकाराकडून एकदा तपासून घ्यावी.

चार पोलच्या जनरेटरला ५० हर्ट्झ मिळण्यासाठी इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर हवे. इंजिन आयडलवर असताना ग्राइंडर लावल्यास त्याला योग्य व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी मिळत नाही व मोटार जळते.

सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी काय पाहावे?

ऑइलची पट्टी, रेडिएटरचे पाणी, पट्ट्याचा ताण, एअर फिल्टर आणि टाकीखाली गळती. रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना उघडू नये. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो, त्यामुळे तिच्याजवळ विडी-सिगारेट किंवा उघडा दिवा नको. वेल्डिंगच्या केबल जोडताना इंजिन बंद असावे आणि सुरू करताना होल्डर कोठेही टेकलेला नसावा.

डिझेल इंजिन बंद करून, थंड झाल्यावर भरावे. डिझेल पेट्रोलसारखे पेटत नाही, म्हणून येथे सैलपणा येतो; पण आपल्याकडील डिझेलच्या फ्लॅश पॉइंटची (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते त्याची) किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे आणि एप्रिल-मेमध्ये जत, आटपाडी, म्हसवड भागात हवाच ४० अंशांच्या घरात असते. उन्हात ठेवलेल्या कॅनमधील डिझेलची वाफ ठिणगीने पेटू शकते. कॅन सावलीत, वेल्डिंगपासून दूर असावा आणि टाकी काठोकाठ भरू नये.

भुरभुर पावसात काम चालू ठेवावे का?

ठेवू नये. आर्क नसताना होल्डरवर साधारण ६० ते ९० व्होल्ट असतात. कोरड्या हातमोज्यांतून ते जाणवत नाहीत, घामाने किंवा पावसाने भिजलेल्या कातड्यातून जाणवतात आणि चिखलात गुडघे टेकून बसलेल्या माणसाला मारू शकतात. ओल्या किंवा अडचणीच्या जागेत काम अटळ असेल, तर डीसी मशीन आणि आर्क नसताना व्होल्टेज कमी करणारे व्हीआरडी उपकरण वापरावे, खाली कोरडी फळी किंवा रबरी चटई घ्यावी, रॉड बदलताना हातमोजे काढू नयेत आणि होल्डर काखेत धरू नये. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा जागी एसी मशीनचे विनाभार व्होल्टेज ४८ व्होल्टपेक्षा जास्त चालत नाही. जुनी एसी मशीन बहुधा या अटीत बसत नाहीत.

रिकामी डिझेल टाकी किंवा पिंप जागेवरच वेल्ड करून मिळेल का?

नाही म्हणावे. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. मळीची किंवा इथेनॉलची टाकी असेल, तर कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने वायू मोजून दिलेल्या लेखी हॉट वर्क परवान्याशिवाय मशीन त्या आवारात आणूही नये.

जीआय (जस्ताचा थर दिलेले) पाईप आणि डोळ्यांची काळजी याविषयी काय सांगाल?

जस्ताचा थर जळून निघणाऱ्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. जोडाजवळचा थर घासून काढावा आणि वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने बसावे, म्हणजे धूर तोंडावर घोळत नाही. साध्या मास्कने हा धूर अडत नाही; वेल्डिंगच्या धुरासाठीचा रेस्पिरेटर लागतो.

वेल्डिंगच्या मुखवट्याची काच करंटप्रमाणे निवडावी: साधारण दीडशे अँपिअरपर्यंत १० किंवा ११ नंबर, त्यापुढे ११ किंवा १२. आर्कच्या प्रकाशाने डोळे चमकल्यावर दूध, गुलाबपाणी किंवा बटाट्याचे काप घालण्याचे उपाय करू नयेत, त्यांतून जंतुसंसर्ग होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. केबल पकडणारा हेल्पर आणि बघायला जमलेली मुले यांचे डोळेही तितकेच उघडे असतात, म्हणून पडदा लावावा. कपडे सुती असावेत, टेरिकॉट अंगाला वितळून चिकटते. इंजिनजवळ सतत उभे राहणाऱ्याने कानांत प्लग घालावेत. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय चालू मशीन आणि केबलजवळ येऊ नये.

महाबळेश्वर किंवा पाचगणीच्या उंचीवर मशीन कमी ताकद का देते?

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. हवा विरळ असल्याने टर्बो नसलेल्या इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो. काळा धूर येऊ लागल्यास इंजिन ओढून चालवू नये, पुस्तिकेतील तक्त्याप्रमाणे करंट आणि जोडीने चालणारा भार कमी करावा.

पसरणी किंवा कुंभार्ली घाटातून मशीन ओढून नेताना काय सांभाळावे?

जोडणीची पिन आणि तिची कडी तपासावी, सुरक्षा साखळी लावावी, टेकू वर उचलून बांधावा, मागचे दिवे चालू असावेत. केबल आणि गॅसचे सिलिंडर एकत्र बांधू नयेत. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. मशीन क्रेनने उचलायचे असेल, तर चौकटीवरील उचलण्याच्या कडीलाच हूक लावावा आणि त्या वेळी ट्रॉली किंवा इतर सामान त्याला टांगलेले नसावे.

दिवसअखेर मशीन कसे बंद करावे?

आधी वेल्डिंग आणि ग्राइंडर थांबवावे, रॉडचा उरलेला तुकडा होल्डरमधून काढावा आणि इंजिन पाच मिनिटे भाराशिवाय चालू ठेवून मग बंद करावे, म्हणजे तापलेल्या भागांची उष्णता हळूहळू उतरते. किल्ली काढून खिशात ठेवावी. केबल गुंडाळताना हाताने चाचपून पाहावी. कापलेला भाग टेपने झाकून दुसऱ्या दिवशी तसाच वापरू नये, तेवढा तुकडा कापून योग्य कनेक्टर बसवावा. ताडपत्री सायलेन्सर थंड झाल्यावरच घालावी. महापुराच्या काळात, विशेषतः २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी शिरलेल्या नदीकाठच्या गावांत, रात्री मशीन काठावर न ठेवता गावाच्या उंच बाजूला नेऊन ठेवावे. पाण्यात बुडालेले मशीन वाळवून, जनरेटरच्या वाइंडिंगचे इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) मोजून आणि इंजिनचे ऑइल व डिझेल बदलूनच पुन्हा सुरू करावे.